जैनबीच्या हातची मूठ

झुंबरबाईला बैल एकच होता. एका बैलावर शेती होत नाही, पण भोकरदन तालुक्यातल्या त्या गावात अशी एका बैलाची घरं पुष्कळ होती. मग दोन घरांनी आपापला बैल एका जुवाला जोडायचा आणि आज तुझं रान, उद्या माझं, असं करत हंगाम काढायचा. याला सावड म्हणतात. झुंबरबाईची सावड बांधाला बांध लागून असलेल्या शेख मदारशी होती. तिचा मोऱ्या, त्याचा लाल्या.

ही सावड काही तिनं जमवलेली नव्हती. सासऱ्यानं मदारच्या बापाशी केली, ती पुढं चालत आली. पाडव्याला जू धुवायचं, हळदकुंकू लावायचं, बांधावरच्या रेणुकाईच्या तांदळ्यापुढं, म्हणजे शेंदूर लावलेल्या दगडापुढं, नारळ फोडायचा आणि म्हणायचं, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मोडायची असेल तर पाडव्यालाच मोडायची, मध्ये नाही. भर पेरणीत कोणी रुसून बैल सोडून नेला तर दोन घरं उपाशी मरतील, म्हणून जुन्या माणसांनी देवीला मध्ये घातलं होतं.

झुंबरबाई मूळची वऱ्हाडातली. धाडच्या पलीकडं तिचं माहेर. ते इंग्रजी राज्य आणि हे निजामाचं, म्हणजे मोगलाई. मध्ये फक्त एक नाका, पण भाऊ म्हणायचे, "आमची झुंबर मोगलाईत दिली," जसं काही समुद्रापार पाठवली. ती बी काही कमी नव्हती. लहान वयात लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या तोंडी एकच, आमच्याकडं असं असतं, आमच्याकडं तसं असतं. आमच्याकडं भाकरी पातळ करतात. आमच्याकडं शिपाई असा दारात येऊन बसत नाही. सासू एकदा चुलीपुढून म्हणाली, "व्हय माय, तुमच्याकडं सूर्य बी धुऊन पुसून उगवत आसंल. आमचा आपला मोगलाईतला, धुळीचा."

त्या दिवशी झुंबरबाई रडली होती. पण पुढं कधी तरी माहेरी गेली असताना भावजयीनं वाढलेलं वरण तोंडात घालून ती म्हणाली, "आमच्याकडं याच्यात लसूण घालतात." भावजय हसायला लागली. झुंबरबाईला कळेना, काय झालं. मग कळलं. तिचं 'आमच्याकडं' नाका ओलांडून केव्हा इकडं आलं होतं, ते तिला सुद्धा ठाऊक नव्हतं.

नवरा बद्रीनाथ तापानं गेला तेव्हा पदरात एक मुलगी. धाकटा दीर पुंजाराम आधीच वेगळा निघालेला. त्याच्या दारात दोन बैल, माणूस सरळ, पण फार ताठ. त्या साली पेरणीचा दिवस आला आणि घोटाळा झाला. त्या गावात तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, बियाची पहिली मूठ सवाष्णीनंच टाकायची, अशी रीत. झुंबरबाई विधवा, सासू विधवा, आणि जाऊ द्वारकाबाई नेमकी बाळंतीण. रानात मदार तिफण जुंपून उभा, ओल चाललेली. मदारची बायको जैनबी भाकरी घेऊन आली होती ती बांधावर उभी.

सासू तिच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ये गं इकडं. हातात चुडा हाये ना? बस झालं."

"मी, अम्मा?" जैनबी घाबरली. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय पेराया येऊन राह्यले? घे मूठ."

जैनबीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, ओठातल्या ओठात अल्लाचं नाव घेतलं. सासूनं रेणुकाईचं नाव घेतलं, ते मात्र खणखणीत, पलीकडच्या रानात ऐकू जाईल असं. आणि मूठ पडली. ज्वारी त्या साली चांगली आली. दुसऱ्या साली द्वारकाबाई मोकळी होती, पण सासूनं जैनबीलाच बोलावलं. मग ते तसंच पडून गेलं. सासू गेल्यावर सुद्धा. झुंबरबाईच्या रानातली पहिली मूठ जैनबीची, हे गावाला इतकं सवयीचं झालं की त्याबद्दल बोलणं सुद्धा बंद झालं.

मग सत्तेचाळीस साल आलं. वऱ्हाडात स्वराज्य झालं, इकडं झालं नाही. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. दर दोन दिवसांनी कुठल्या तरी गावाचं काही तरी ऐकू यायचं आणि ऐकून बायका चुली विझवायच्या. पुढचा उन्हाळा सरता सरता निम्मं गाव नाका ओलांडून वऱ्हाडात गेलं. झुंबरबाईची मुलगी लग्न होऊन आष्टीकडं दिलेली, तिची काळजी वेगळीच. झुंबरबाईनं बैल मदारच्या दावणीला बांधला, देवीचा टाक पदरात बांधला आणि माहेरी गेली.

माहेरी ते सगळे महिने तिनं एकच ऐकलं, ते लोक आणि आपण. मोठा भाऊ धर्मराज ओसरीवर बसून रोज म्हणायचा. आणि एक दिवस गावाकडून आलेल्या माणसानं सांगितलं, "तुझा तो सावडीवाला मदार, रझाकारांची गाडी हाकताना म्या माझ्या डोळ्यांनी बघितला. बैल कोणते होते, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. झुंबरबाईनं हातातली भाकरी तशीच ठेवली. तिचा मोऱ्या त्या गाडीला होता. तिच्या मनात त्याच दिवशी सावड मोडली.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लोक गुढ्या उभारत परतले. पण परतण्याआधी मधल्या दिवसांत आजूबाजूच्या काही माणसांनी मुसलमानांच्या घरांवर राग काढला होता. कोणाचा राग, कोणावर काढला, हे विचारायला तेव्हा कोणी थांबलं नाही. झुंबरबाई आली तेव्हा मदारच्या घराला कवाड नव्हतं. मदार दोघा-तिघांबरोबर जालन्याकडं निघून गेलेला, पोचला की नाही ते कोणाला ठाऊक नाही. जैनबी एकटी अंगणात होती, आणि दावणीला दोन्ही बैल होते. पोटं भरलेली होती.

झुंबरबाईनं मोऱ्याचं दावं सोडलं आणि त्याला घेऊन गेली. जैनबी उठून उभी राहिली होती. ती तशीच उभी राहिली.

हस्ताचा पाऊस चांगला झाला. घट बसले आणि दोन दिवसांत काळ्या रानाला वाफसा आला. आता ज्वारी पेरली तर पेरली. पुंजाराम सकाळीच दारात आला.

"वैनी, उद्या तुमचं रान घेऊ. म्या हाकतो तिफण, ही मूठ धरंल." ही म्हणजे द्वारकाबाई, मागं उभी होती. "मोऱ्याच्या जोडीला लाल्या आणतो सोडून."

"त्याच्या मालकिणीला विचारलं?"

"त्यात काय विचारायचं? मालक पळून गेला. ते जनावर आता बेवारस. रान बी पडीकच राहणार त्याचं, पुढं बघू काय करायचं ते. आन एक सांगून ठेवतो, ती बाई आता आपल्या रानात पाय ठेवणार न्हाई. तसं आसंल तर मला बोलवू नका."

"भावजी, मूठ तिची आसती."

"आसती नव्हं, होती. झालं ते झालं." पुंजाराम पायरीवर बसला, आवाज जरा खाली आणला. "वैनी, तुम्ही स्वतः माहेरी जाऊन राह्यल्या. भिऊनच ना? आपली माणसं ती आपली. हे काय कोणाला सुटलंय आजवर?"

खरं म्हणजे झुंबरबाईच्याही मनात तेच होतं. ती म्हणाली, "उद्या बघू."

द्वारकाबाई जाता जाता कानाशी म्हणाली, "बाई, मला काय मुठीचा सोस न्हाई. पण यांच्या मनासारखं करा. ओल जाईल."

दुपारी झुंबरबाई बांधावर तांदळ्यापुढं दिवा लावायला गेली. नवरात्रात रोजच जायची. तेल घातलं, वात सारखी केली, हात जोडले आणि तिला पाडवा आठवला. यंदाचा पाडवा, पळापळ व्हायच्या आधीचा. नारळ तिनं स्वतः फोडला होता. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, हे तिच्याच तोंडचे शब्द. मदारनं नुसती मान हलवली होती. मदारनं मोडली असेल, नसेल. तिनं मोडायची म्हटलं तर या दिव्यापुढं कशी मोडणार?

"तुला दुसरं कोणी भेटलं न्हाई का गं," ती देवीला म्हणाली. "गावात एवढी माणसं, माझ्याच गळ्यात घालायचं होतं?"

देवी काय बोलणार. झुंबरबाई उठली आणि सरळ जैनबीच्या घरी गेली. माया म्हणून नव्हे, भीती म्हणून. रेणुकाईची भीती, दुसरं काही नाही. असं ती पुढं स्वतःच सांगायची.

जैनबी शेळीपुढं पाला टाकत होती. कवाडाच्या जागी गोणपाट लावलेलं. झुंबरबाई उभ्यानंच म्हणाली, "मदारभाईनं माझा बैल त्यांच्या गाडीला जुंपला. खरं का खोटं?"

"खरं."

"काहून?"

"ते दोन्ही बैल नेत होते, भाबी. कापायला का गाडीला, कोण सांगणार? मंग हे म्हणाले, मी हाकतो, पण बैल रातीला माझ्या दावणीला आले पाहिजेत. एक दिवस गेले, दुसऱ्या दिवशी गेले. मग लोकांनी बघितलं, आन नाव झालं ते झालं."

"मंग सांगायचं ना कोणाला."

"कोणाला सांगू? तुम्ही तिकडं, सारं गाव तिकडं." जैनबी हसल्यासारखी झाली. "शेळीला सांगितलं."

झुंबरबाईला हसू आलं आणि ते आलेलं तिला आवडलं नाही. खरं असेल का? दुसऱ्याच्या बैलासाठी माणूस एवढं करतो का? का भीतीनं गेला, आणि आता बायको गोड करून सांगते? देवीलाच ठाऊक. ती म्हणाली, "उद्या पेरणी हाये. मूठ धरायला ये. लाल्याला घेऊन ये."

जैनबी एकदम खाली बसली. दोन्ही मनगटं पुढं केली. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, पण अर्ध्यामुर्ध्याच. बाकीच्या त्या पळापळीत फुटलेल्या.

"भाबी, मी कशी येऊ? यांची काही खबर न्हाई. रोज सकाळी उठून हात बघते. ठेवू का फोडू, सांगायला घरात कोणी न्हाई. तुमच्या रानात सवाष्णीचा हात लागतो. मी हाये का न्हाई सवाष्ण, मलाच म्हाईत न्हाई. तुमचं पीक बिघडलं तर?"

तेव्हा कुठं झुंबरबाईच्या लक्षात आलं, की उद्या द्वारकाबाईनं मूठ टाकली तर सारं गाव काय समजेल. गाव समजेल की मदार मेला. कोणी तसं बोलणार नाही, पण बोलल्यासारखंच होईल. आणि या बाईला तिच्या स्वतःच्या अंगणात बसून ते कळेल. झुंबरबाईच्या स्वतःच्या बांगड्या फोडल्या होत्या तेव्हा निदान समोर बद्रीनाथ होता. बघता तरी आलं होतं.

ती खाली बसली. "ऐक. मदारभाई कुठं हाये, मला म्हाईत न्हाई. पण जोवर कोणी येऊन काही सांगत न्हाई तोवर तू सवाष्ण. निदान माझ्या रानात तरी. आन पिकाचं म्हणशील तर ते देवी बघंल, तिनंच हे लावून दिलंय."

"पुंजारामभाऊ?"

"ते न्हाई येणार."

"मंग तिफण कोण हाकणार?"

झुंबरबाईनं याचा विचारच केला नव्हता. "म्या," ती म्हणाली.

त्या गावात बाईनं औत धरायचं नसतं. बाई चाड्यावर मूठ धरते, खुरपते, काढते, मळते, पण कासरा हातात घेत नाही. घेतला तर पाऊस जातो म्हणत. झुंबरबाईनं मनाशी म्हटलं, पाऊस पडून गेलाय, आता जाऊन जाऊन जाणार कुठं?

सकाळी दोघींनी बैल जुंपले. जू बसवण्यातच घाम निघाला. लाल्या उजवीकडचा, मोऱ्या डावीकडचा, ते तरी बैलांना माहीत होतं म्हणून निभावलं. जैनबीनं ओटीत बी घेतलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला, ओठ हलले. झुंबरबाईनं रेणुकाईचं नाव घेतलं. तिचा आवाज काही सासूसारखा खणखणीत निघाला नाही. मूठ पडली आणि तिफण चालली.

चालली म्हणजे काय, निघाली. पहिलं तास, म्हणजे पेरणीची ओळ, लिंबाकडं जायचं ते बाभळीकडं गेलं. झुंबरबाई डावा कासरा ओढी तर बैल थांबत, उजवा ओढी तर वळत. दुसरं तास पहिल्याला चिकटलं, तिसरं लांब पळालं. जैनबी मागून म्हणाली, "भाबी, बैल दारू पिऊन आल्यावानी चालून राह्यले."

"बैलांना काही झालं न्हाई. हाकणारीला झालंय."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता जैनबीची मूठ चुकली आणि ढीगभर बी एकाच जागी पडलं. तेवढ्यात बांधावर माणसं थांबलेली दिसली. रान गाडीवाटेला लागून होतं. पिंपळगावाला देवीला निघालेली माणसं, नवरात्रातली. एक म्हातारा ओरडून म्हणाला, "कोणाचं रान म्हणायचं हे?"

कोणी तरी उत्तर दिलं, "बद्रीनाथाचं. पुंजारामाची भावजय ती."

"पुंजारामाची? आन पुंजाराम जिता हाये का?"

पुंजाराम पलीकडच्या रानात स्वतःची तिफण हाकत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो थांबला नाही. त्यानं आपलं तास पुरं केलं, वळला, दुसरं पुरं केलं. सरळ, सुतासारखं. मग इकडं बघितलं. झुंबरबाईचं चौथं तास तेव्हा सापासारखं निघालं होतं.

त्यानं आपले बैल उभे केले, द्वारकाबाईला काही तरी म्हणाला आणि ढेकळं तुडवत आला. झुंबरबाईला वाटलं, आता हा सगळ्या गावादेखत जैनबीला बांधाबाहेर काढतो. तिनं कासरा दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"सोडा इकडं," पुंजाराम म्हणाला.

"भावजी, मूठ तिचीच राहणार."

"मुठीचं काही बोललो का म्या? तासं बघा ही! रस्त्यावरून जाणारं पोर बी हसंल. आमच्या बापाच्या रानात असलं तास कोणी काढलं न्हाई आजवर." त्यानं कासरा हिसकून घेतला, लाल्याच्या पाठीवर थाप मारली. जैनबीकडं न बघता म्हणाला, "मूठ आवळून धर. कोंबड्यांना दाणे टाकून राह्यली का?"

"जी, भाऊ," जैनबी म्हणाली.

दुपारपर्यंत रान झालं. जेवायच्या वेळी पुंजाराम आपल्या बांधावर गेला, जैनबी झुंबरबाईपाशी बसली. द्वारकाबाईनं मात्र लोणच्याची फोड आणून दोघींच्या भाकरीवर ठेवली आणि नवऱ्याकडं पाठ करून तिथंच टेकली.

"आता पाळी मदारची," झुंबरबाई संध्याकाळी म्हणाली. "आज आमचं रान, उद्या त्याचं."

"ते मला सांगू नका. म्या तासं सरळ करायला आल्तो, बस," पुंजाराम म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या सकाळी तो आला नाही. दोघी पुन्हा बैल जुंपून मदारच्या रानात उतरल्या. आज बरं जमत होतं, तरी वाकडंच. ऊन चढल्यावर पुंजाराम आला आणि त्यानं कासरा घेतला. त्याचं मन बदललं होतं का? झुंबरबाईला तसं वाटलं नाही. तिला वाटलं, या माणसाला आपलं आणि परकं हे कळतं, पण वाफसा आलेलं रान रिकामं पडलेलं बघवत नाही, आणि शेतकऱ्याच्या पोटात या दोहोंपैकी काय वर येईल हे देवीच्या हातात. एवढं झालं म्हणून तिनं देवीला नमस्कार केला.

मदारनं बैल कसे राखले, ते झुंबरबाईनं भाकरीच्या वेळी पुंजारामाच्या कानावर घातलं. शेवटचं तास झाल्यावर त्यानं बैल सोडले आणि पहिल्यांदा जैनबीकडं सरळ बघितलं.

"जालन्याला कोणाकडं जाणार होता तो?"

"मामू हायेत त्यांचे. मोंढ्याच्या मागं."

"बरं," तो म्हणाला. दसरा झाला आणि तो कोणाला न सांगता जालन्याला गेला. द्वारकाबाई म्हणे बियाणं बघायला गेले. पेरणी होऊन गेल्यावर कसलं बियाणं, असं कोणी तिला विचारलं नाही. तिकडं मदार मामूकडं नव्हता, फौजेनं रझाकार म्हणून धरून नेलेल्या माणसांत होता. पुंजारामानं काय सांगितलं, कोणापुढं उभा राहिला, हे त्यानं आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर फक्त म्हणाला, "बैल यानंच राखले म्हणून सांगितलं. खोटं आसंल तर पाप त्याच्या माथी."

दिवाळी होऊन गेली. ज्वारी कमरेला आली होती. एका सकाळी झुंबरबाई चुलीपुढं बसली असताना बांधाकडून मोठमोठ्यानं आवाज आले. जैनबी धावत आली, पदर पडलेला, हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

"भाबी, आले! आले हो! पण पुंजारामभाऊशी भांडण लागलंय."

"कशावरून?"

"हे म्हणतात, लाल्या वाळला, सरकी घातली न्हाई कोणी. पुंजारामभाऊ म्हणतात, स्वतःचा बैल टाकून गेल्ता, तोंड वर करून विचारतो!"

झुंबरबाईनं कान दिला. मदारचा आवाज खोकल्यानं तुटत होता, पण चढत होता. पुंजारामाचा त्याहून वर. मध्येच मदारनं शिवी दिली, पुंजारामानं त्याहून मोठी दिली. अशीच भांडणं हे दोघं दर हंगामाला करायचे, कधी बांधावरून, कधी पाण्यावरून.

"तुम्ही चला ना सोडवायला," जैनबी म्हणाली.

"काहून सोडवायचं?" झुंबरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि परातीत आणखी पीठ घेतलं. "भांडू दे पोटभर. तू बस, भाकरी थाप. दोघं बी उपाशीच असतील."